डिटेक्टरला शिव्या घालण्याआधी

तीन शब्द आधी सांगून टाकतो. बोलोमीटर म्हणजे पडलेल्या उजेडाने किती तापलं ते मोजणारा डिटेक्टर, क्रायोस्टॅट म्हणजे त्याला अतिथंड ठेवणारी व्हॅक्यूमची पेटी, आणि टीईएस म्हणजे सुपरकंडक्टर वापरणारा बोलोमीटर.

मुंबईत सबमिलिमीटर कॅमेरा, म्हणजे मिलिमीटरहून थोडे लहान तरंग टिपणारा? लोक हसतात. हवेतली वाफ हे तरंग गिळते, म्हणून तर 15 मीटरची जेसीएमटी दुर्बीण हवाईतल्या मौना केआ डोंगरावर, जवळपास 4,100 मीटर उंचीवर आहे. पण कॅमेऱ्याची जुळणी आणि चाचणी प्रयोगशाळेतच होते, आणि एकदा व्हॅक्यूम झाला की आतल्या डिटेक्टरला कुलाबा काय नि हवाई काय! कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बलूनमधल्या 1 मीटर दुर्बिणीसाठी 0.3 केल्विनचे बोलोमीटर वापरलेच की. तेव्हा घाबरू नका.

घाबरायचं ते लाइट लीकला, म्हणजे बाहेरून फटींतून शिरणाऱ्या उजेडाला. उष्णतेचे किरण हाही इथे उजेडच. माझे महिने त्यानेच खाल्ले. खोलीच्या तापमानाची भिंत दर चौरस मीटरला साधारण 460 वॅट उष्णता फेकते. म्हणजे 1 चौरस मिलिमीटरच्या भोकातून जवळपास अर्धा मिलिवॅट आत. टीईएसला मोजायचे असतात पिकोवॅट, वॅटचा लाख-कोटीवा भाग. यातला चिमूटभर जरी डिटेक्टरवर पडला तरी तो सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची मोजायची क्षमताच संपते, ट्रान्झिशनमध्ये (सुपरकंडक्टर होण्याच्या उंबरठ्यावर) येतच नाही, आणि सगळे म्हणतात, "चिप खराब आहे."

फसवतो तो थर्मामीटर. तो 100 मिलिकेल्विन दाखवतो आणि खरंच दाखवतो, कारण तो स्टेजवर, म्हणजे चिप जिच्यावर बसते त्या थंड बैठकीवर, बसवलेला असतो. टीईएसचं बेट (सेन्सर असलेला तुकडा) मात्र सिलिकॉन नायट्राइडच्या बारीक पायांवर लटकलेलं. ते एकटंच तापतं आणि स्टेजला पत्ताही लागत नाही. पुन्हा सांगतो, थर्मामीटर बरोबर असला म्हणून डिटेक्टर थंड आहे असं नाही. नवी चिप मागवण्याआधी त्याच स्टेजवर धातूचं झाकण लावा, सांधे नीट बुजवा आणि लोड कर्व्ह (व्होल्टेज बदलत करंट मोजून काढलेला आलेख) घ्या. झाकणाखाली तो ट्रान्झिशनमध्ये आला, तर चिप ठणठणीत आहे. उजेड बाहेरून येतोय.

मग शोधा. आतली हवा उपसायला शील्डला (डिटेक्टरभोवतीच्या धातूच्या आवरणाला) भोकं लागतातच, पण ती सरळ आरपार पाडली की संपलं. वाट नागमोडी हवी. वायरी जिथून आत जातात ती फट कार्बन पावडर मिसळलेल्या स्टायकास्ट इपॉक्सीने भरा. ॲल्युमिनियम टेप लीक कुठे आहे ते शोधायला ठीक, कायमचा उपाय म्हणून माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. यात वर्कशॉपमधल्या काकांचं ऐका. सिम्युलेशन पाहून मान डोलावणाऱ्या गाइडपेक्षा फ्लॅन्ज (जोडाची कड) कुठे नीट बसत नाही ते त्यांना बोटाने कळतं.

पावसाळ्याचं थोडक्यात. क्रायोस्टॅट पूर्ण गरम झाल्याशिवाय हवा आत सोडू नका, फिल्टरवर दव धरतं. फिल्टर तपासायच्या स्पेक्ट्रोमीटरच्या पेटीत कोरडा नायट्रोजन खेळता ठेवा. नाहीतर 557 गिगाहर्ट्झला खोल खड्डा दिसेल. तो पाण्याच्या वाफेचा असतो, पण लोक फिल्टर बनवणाऱ्याशी भांडत बसतात.

दर दुरुस्तीला गरम करणं, उघडणं, उपसणं, थंड करणं यात आठवडा जातो. सगळ्यांचाच जातो. म्हणून उघडाल तेव्हा एकच फट बुजवून बंद करू नका. टॉर्च घेऊन सगळे सांधे तपासा.