कोकण किनाऱ्यावरील जुन्या चर्चची तुलना कशी करावी

वसई किल्ल्यातील भग्न चर्च आणि जुन्या गोव्यातील नांदती चर्च यांची तुलना करताना आधी दूर उभे राहून दर्शनी भिंतीचे मजले, खांब आणि मनोरे मोजावेत. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल या चर्चला आज एकच मनोरा आहे, कारण दुसरा १७७६ मध्ये कोसळला. तिथल्याच सेंट कॅजेटन चर्चचा घुमट मात्र रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर आहे.

मग दगडाजवळ जावे, कारण माझ्या मते खरी ओळख तिथेच पटते. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या, जुन्या गोव्यातीलच बॉम जीझस चर्चचा गिलावा विसाव्या शतकात काढल्यामुळे जांभ्याची खडबडीत, छिद्राळ लाली आणि काळ्या दगडातील रेखीव नक्षी हातभर अंतरावरून वेगवेगळी दिसते. वसईत छपरेच उरली नसल्याने भिंतींची जाडी उघड्यावर पाहता येते; ती पावलांनी मोजून वहीत टिपावी.