संगणक सुरू होतो, पण विंडोज उघडत नाही: फॉरमॅट मारण्याआधी काय करावे

विंडोज उघडेनासे झाले की आपल्याकडे दोनच उपाय सांगितले जातात: रॅम काढून रबराने घासा, आणि तेवढ्याने भागले नाही तर फॉरमॅट मारा. यांपैकी पहिला उपाय एका विशिष्ट बिघाडात खरोखर चालतो आणि बाकी सगळ्या बिघाडांत नुसती करमणूक ठरतो. दुसरा बहुतेक वेळा अनावश्यक असतो, आणि बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात तर तो महागही पडतो. इथल्या छापखान्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत एकाच संगणकावर कन्नडसाठी नुडी, मराठीसाठी श्रीलिपी, हिशेबासाठी टॅली आणि जुन्या प्रिंटरचा कुठून कुठून मिळवलेला ड्रायव्हर असा सगळा संसार मांडलेला असतो. विंडोज नव्याने बसवायला एक तास पुरतो, पण हा संसार पुन्हा मांडायला दोन दिवस जातात आणि तोवर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलेले असते.

म्हणून काहीही उघडण्याआधी, काहीही दाबण्याआधी, संगणक नेमका कुठपर्यंत जाऊन थांबतो ते शांतपणे पाहावे. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो, मग डिस्क शोधतो, मग डिस्कवरची विंडोज सुरू करणारी छोटी फाइल वाचतो आणि सर्वांत शेवटी विंडोज स्वतः उभे राहते. या चार टप्प्यांपैकी कोणता अडला हे कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात मारलेला दगड होय.

पडदा पूर्ण काळा आहे, कंपनीचे चिन्हही दिसत नाही, किंवा बीप-बीप असा आवाज येतो आहे, तर दोष पहिल्या टप्प्यात आहे. इथे रॅम काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवून पाहावी. रबराचे काम एवढेच. चिन्ह दिसले, म्हणजे रॅमने आपले काम निदान सुरू होण्यापुरते केलेले आहे. त्यानंतर ती घासत बसण्यात अर्थ नाही.

चिन्ह दिसते, पण नंतर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा तत्सम ओळ येते, तर सर्वप्रथम लावलेले सगळे पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करून पाहावे. फरक पडला नाही तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या मांडणीच्या पडद्यावर, जावे. बहुतेक डेस्कटॉपवर डिलीट, डेल, एसर आणि असूसच्या लॅपटॉपवर बहुधा एफ२ आणि एचपीवर एफ१० ही कळ चालते. तिथल्या यादीत डिस्कचे नाव आहे की नाही, एवढेच पाहायचे आहे. नाव नसेल तर वीज काढून डिस्कच्या दोन्ही वायरी काढून घट्ट बसवाव्यात; पातळ पट्टीसारखी एम.२ डिस्क असेल तर तिचा स्क्रू सोडवून ती पुन्हा बसवावी. त्यानंतरही नाव उमटत नसेल तर डिस्क गेली असे समजावे, आणि आतली माहिती मोलाची असेल तर घरी आणखी प्रयोग करू नयेत.

डिस्कचे नाव यादीत आहे, तरीही संगणक उठत नाही, तेव्हा तिथल्या तिथे घड्याळावर नजर टाकावी. तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात वीज तासन् तास नसते, आणि वीज नसतानाच या ३ व्होल्टच्या सेलवर सगळा भार येतो. त्यामुळे जून-जुलैत माझ्याकडे येणाऱ्या 'डिस्क गेली' या तक्रारींतल्या बऱ्याच तक्रारी प्रत्यक्षात सेलच्या असतात. सेल संपला की बायोसची मांडणी कारखान्यातल्या मूळ स्थितीवर जाते आणि दोन गोष्टी बदलू शकतात: संगणक सुरू करण्याची पद्धत, म्हणजे नव्या यूईएफआयऐवजी जुनी लेगसी, किंवा उलट, आणि डिस्क वाचण्याची पद्धत, म्हणजे एएचसीआयऐवजी रेड. यातला दुसरा बदल झाला तर विंडोज निळा पडदा दाखवून 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी तक्रार करते. सेल बदलावा, दोन्ही मांडण्या पूर्वीसारख्या कराव्यात आणि संगणक निमूट सुरू होतो.

हीच चूक हल्ली माणसे आपल्या हातानेही करतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सुरक्षा-अद्यतने सर्वसाधारणपणे थांबली, विंडोज ११ ला यूईएफआय लागते असे कोणीतरी सांगितले, आणि मालकाने बायोसमध्ये जाऊन लेगसीचे यूईएफआय करून टाकले. डिस्कची आखणी जुन्या, म्हणजे एमबीआर पद्धतीची असेल तर नुसती मांडणी बदलल्याने ती सुरू होणार नाही. काही बिघडलेले नाही. केलेला बदल परत फिरवावा.

बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते, आणि मालकाला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. मांडणी बदलताच संगणक ४८ अंकी किल्ली मागतो. ती बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून तिथे जाऊन ती आधी कागदावर उतरवून घ्यावी. लॅपटॉप पुतण्याच्या खात्याने सुरू केला असेल तर पुतण्याला फोन करावा.

विंडोजचे चक्र फिरते आणि तिथेच अडते, तर दोन-तीनदा अर्धवट बंद पडल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. स्टार्टअप रिपेअर एकदाच चालवावे. ते पाच वेळा चालवल्याने पाचव्या वेळी शहाणे होत नाही. त्यानंतर सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरते विंडोज उघडण्याची सोय, वापरून पाहावा, आणि बिघाड नव्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर त्याच पडद्यावरून शेवटचे अपडेट काढून टाकावे.

फायली आधी बाहेर काढाव्यात

पुढच्या टप्प्याला हात लावण्याआधी फायलींची प्रत काढावी. यावर मी वाद घालत नाही. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून, म्हणजे ज्यावरून विंडोज बसवतात त्यावरून, संगणक सुरू करावा, भाषेच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० एकदम दाबावे, काळी खिडकी उघडते. त्यात नोटपॅड असे टंकावे, नोटपॅडमधून फाइल उघडण्याची चौकट उघडावी, खाली 'ऑल फाइल्स' निवडावे. ही छोटी चौकट तात्पुरत्या एक्सप्लोररसारखी चालते: फोल्डरवर उजवी क्लिक करून कॉपी करावे आणि दुसऱ्या डिस्कवर नेऊन पेस्ट करावे. प्रत घेताना डिस्क टक-टक वाजत असेल किंवा एकेका फाइलला मिनिटे लागत असतील, तर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा, चालवू नये. मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला यल्लम्माच्या डोंगरावर चालत नेण्यासारखे आहे, आणि तरीही हा सल्ला जो तो सर्रास देतो.

बूट फायलींची दुरुस्ती

आता तो टप्पा, ज्याने मला सर्वांत जास्त छळले. डिस्क ठणठणीत आहे, फायली दिसतात, पण निळ्या पडद्यावर 'बूट कॉन्फिगरेशन डेटा' सापडत नाही किंवा सदोष आहे असा संदेश येतो. वीज अचानक गेली, संगणक अपडेटच्या मध्येच बंद पडला, की हे घडते.

यावर सगळीकडे एकच मंत्र सांगितला जातो: बूटरेक फिक्सएमबीआर, मग फिक्सबूट, मग रीबिल्डबीसीडी. हा मंत्र जुन्या एमबीआर डिस्कसाठी आहे. नव्या यंत्रांत मदरबोर्ड डिस्कच्या पहिल्या कप्प्याकडून काही चालवून घेत नाही. तो साधारण १०० एमबीच्या, फॅट३२ पद्धतीच्या एका लपवलेल्या विभागातली फाइल शोधतो. त्या यंत्रावर फिक्सबूट चालवले की बहुधा 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर वाचून, आपल्याकडेच काही परवानगी कमी पडते आहे असे समजून, मी एक अख्खी रात्र त्या एका ओळीशी झुंजण्यात घालवली आहे. परवानगीचा प्रश्नच नव्हता. मी चुकीचे दार ठोठावत होतो.

त्यामुळे आधी डिस्क कोणत्या पद्धतीची आहे ते पाहावे. काळ्या खिडकीत डिस्कपार्ट, आणि मग लिस्ट डिस्क, असे टंकावे. (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या, इथे त्यांचा उच्चार दिला आहे.) शेवटच्या जीपीटी या रकान्यात तारांकन असेल तर डिस्क नवी पद्धत वापरते. तारांकन नसेल तर जुना मंत्र खुशाल म्हणावा.

तारांकन असेल तर लिस्ट व्हॉल्यूम टंकावे. येणाऱ्या यादीत फॅट३२ लिहिलेला, काही शे एमबीपेक्षा मोठा नसलेला विभाग शोधावा, त्याचा क्रमांक देऊन सिलेक्ट व्हॉल्यूम म्हणावे, आणि मग असाइन लेटर=एस अशी आज्ञा देऊन त्याला एस हे अक्षर द्यावे. एक्झिट म्हणून डिस्कपार्टमधून बाहेर यावे.

इथे पहिला खड्डा आहे. दुरुस्तीच्या खिडकीत सी म्हणजे तुमची नेहमीची सी असेलच असे नाही. अक्षरे नव्याने वाटली जातात आणि विंडोज कधी डीवर, कधी ईवर जाऊन बसते. म्हणून डीर सी:, डीर डी: असे एकेक करून पाहावे आणि विंडोज व यूझर्स हे दोन्ही फोल्डर जिथे दिसतील ते अक्षर कागदावर लिहून घ्यावे. कागदावरच लिहावे, रात्री अकरा वाजता डोक्यात काही राहत नाही. बिटलॉकर असेल तर किल्ली दिल्याशिवाय हे फोल्डर दिसणारच नाहीत.

समजा विंडोज डीवर आहे. मग आज्ञा अशी: बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय. बूट फायली यशस्वीपणे तयार झाल्या अशी ओळ आली की काम झाले. सबंध दुरुस्ती ती एवढीच, आणि हिला दहा सेकंदही लागत नाहीत.

ओळ उलटी आली, म्हणजे फायली उतरवता आल्या नाहीत असा संदेश दिसला, तर दुसरा खड्डा समोर असतो. बहुतेक लेख अशा वेळी तो छोटा विभाग फॉरमॅट करून पुन्हा प्रयत्न करायला सांगतात. सल्ला चुकीचा नाही. पण तो देणाऱ्याने एक वाक्य गाळलेले असते, आणि त्या वाक्याची किंमत मी मोजलेली आहे.

शहापुरातल्या एका छापखान्याच्या मालकांचा सकाळी फोन आला होता. "सर, निळा पडदाच यायलाय बगा. फॉरमॅट मारा ओ, पण पत्रिकांच्या फायली तेवढ्या जाऊ देऊ नका." फॉरमॅटही मारायचा आणि फायलीही ठेवायच्या, हे मी हसून ऐकले, दुकानात गेलो आणि नियमाप्रमाणे लग्नपत्रिकांच्या सगळ्या फायलींची प्रत १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर काढली. तो पेन ड्राइव्ह तसाच लावलेला राहिला. यादीत आता फॅट३२ लिहिलेल्या तीन ओळी होत्या: डिस्कवरचा छोटा विभाग, विंडोजचा पेन ड्राइव्ह, ज्याच्यापुढे ईएसडी-यूएसबी असे नाव होते, आणि पत्रिकांचा पेन ड्राइव्ह. मी फॅट३२ हा शब्द पाहिला, क्रमांक पाहिला, आकाराचा रकाना पाहिला नाही. फॉरमॅट संपल्याची ओळ आली तेव्हा मालक माझ्यासाठी चहा घेऊन मागे उभे होते आणि 'झालं की' म्हणत होते. झाले होते ते भलतेच. डिस्क धडधाकट असल्यामुळे मूळ फायली जागेवर होत्या आणि प्रत दुसऱ्यांदा काढता आली. डिस्क मरणाऱ्यांपैकी असती तर दोन घरच्या लग्नांच्या पत्रिका मला हाताने जुळवाव्या लागल्या असत्या.

गाळलेले वाक्य असे: डिस्कपार्ट उघडण्याआधी प्रत घेतलेला पेन ड्राइव्ह किंवा डिस्क यंत्रातून काढून खिशात ठेवावी. फॉरमॅटची आज्ञा देण्याआधी पुन्हा एकदा लिस्ट व्हॉल्यूम म्हणावे. निवडलेल्या ओळीपुढे तारांकन असते, ते १०० एमबीच्या आसपासच्या ओळीपुढेच आहे याची बोट ठेवून खात्री करावी. क्रमांक टंकताना चूक होऊ शकते, हेही विसरू नये. एवढे झाले की मग फॉरमॅट एफएस=फॅट३२ क्विक, आणि त्यानंतर बीसीडीबूटची तीच ओळ पुन्हा. संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्स असेल तर हा विभाग फॉरमॅट करूच नये, कारण लिनक्स सुरू करणारी फाइलही तिथेच राहते.

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करताना बूटच्या यादीत त्याचे नाव दोनदा दिसत असेल, तर ज्या नावात यूईएफआय लिहिले आहे तेच निवडावे. नाहीतर खिडकी जुन्या पद्धतीने उघडते आणि गोंधळ वाढतो.

दुरुस्तीनंतर विंडोजचा पेन ड्राइव्ह काढून यंत्र सुरू करावे. बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिले नसेल तर ते वर आणावे. विंडोजने पहिल्याच वेळी स्वतःहून डिस्क तपासायला घेतली, तर ती तपासणी पूर्ण होऊ द्यावी. छापखान्यातल्या त्या यंत्राने ४० मिनिटे घेतली होती, आणि मालकांचा हात तीनदा बटणाकडे गेला होता.