डायला तडा नाही, तरी सेक्शन वाकडं? एच-१३ च्या या चुका टाळा

एच-१३ या उष्णता सोसणाऱ्या पोलादाच्या डायमधून (साच्यातून) गरम अॅल्युमिनिअम प्रेसने दाबून पोकळ सेक्शन काढतात. त्याची भिंत सुरुवातीला बरोबर येते. पुढे हळूहळू एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होऊ लागते. डायला कुठे तडा नाही. मग ठरलेला हुकूम सुटतो: नायट्रायडिंग मारून आणा! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नायट्रायडिंग म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं, थर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा. तो बेअरिंगची, म्हणजे धातू जिथे घासून आकार घेतो त्या कडेची, झीज रोखतो. इथे हरलाय तो आतला गाभा. पाचशे अंशांच्या आसपास प्रेसचा दाब सोसताना मँड्रेल (सेक्शनची पोकळी घडवणारा डायचा भाग) थोडा थोडा कायमचा सरकत जातो, त्यालाच क्रीप म्हणतात.

पण उगाच सगळं क्रीपच्या माथी मारू नका. पहिल्या बिलेटपासूनच (अॅल्युमिनिअमच्या ठोकळ्यापासूनच) भिंत असमान असेल तर अलाइनमेंट तपासा. डाय कॉस्टिक सोड्यात साफ करून थंड झाल्यावर मोजा. मँड्रेल मूळ जागी परतला असेल, तर तो फक्त दाबाखाली लवत होता.

खरी चूक बहुतेक वेळा हीट ट्रीटमेंटच्या ऑर्डरमध्येच असते. ‘एचआरसी ५० पाहिजे’ (एचआरसी म्हणजे रॉकवेल कडकपणा) एवढंच लिहितात, टेम्परिंगचं, म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवण्याचं, तापमान कुणी विचारत नाही. रॉकवेलचा आकडा थंड डायचा असतो. एच-१३ ला गरम असताना ताकद देतात ते मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमचे बारीक कार्बाइड. उष्णता आणि वेळ मिळाला की ते जाड होतात, पोलाद नरमतं. म्हणजे प्रेसवर डायचं टेम्परिंग चालूच राहतं.

टेम्परिंगचं तापमान आणि वेळ जोडणाऱ्या १९४५ च्या हॉलोमन-जॅफी सूत्रात स्थिरांक २० धरून हिशेब करा. ६०० अंशांवर एकूण ४ तास टेम्पर केलेल्या डायला तेवढाच परिणाम व्हायला ५५० अंशांवर सुमारे ७० तास लागतात, ५०० वर १,८०० हून जास्त. पन्नास अंशांनी एवढा फरक! उलट ५५० ला ४ तास टेम्पर केलेल्या डायला ५३० अंशांवर १३ तासच पुरतात. नायट्रायडिंगही साधारण याच तापमानाला होतं, त्याच्या एक-दोन फेऱ्यांतच ते तास भरतात, म्हणजे केलेला इलाजच गाभा नरम करतो. म्हणून दोन-चार एचआरसी कमी आले तरी चालतील, टेम्परिंग कामाच्या तापमानाच्या चांगलं पन्नास अंश वर मागा आणि फर्नेसचा चार्ट घेतल्याशिवाय डाय ताब्यात घेऊ नका.

प्रेसवर चढवण्याआधी डाय तापवणाऱ्या ओव्हनला मात्र लोक उगाच शिव्या देतात. ४५० अंशांवर रात्रभर राहिल्याने गाभा नरमत नाही. बेअरिंगवर ऑक्साइड चढतो, पॉलिश बिघडतं, एवढंच. अर्थात तापमान मोजणारं थर्मोकपल खरं बोलत असेल तर.

हार्डनेस तपासताना नायट्राइडचा थर घासून काढा, नाहीतर आकडा फसवतो. मँड्रेलच्या मुळाशी एक रीडिंग घ्या, एक डायच्या बाहेरच्या कडेला. मुळाशी तीन-चार एचआरसी कमी भरले तर पोलाद नरमलंय. दोन्हीकडे सारखंच आणि सुरुवातीइतकंच असेल, तर हीट ट्रीटमेंटवाल्याशी भांडू नका. मँड्रेल धरणाऱ्या ब्रिजची जाडी वाढवा आणि मागचा आधार, म्हणजे बॅकर, डायला नीट टेकतोय का ते बघा.