प्लास्टरच्या जॅकेटमधलं मूल कसं सांभाळायचं

दवाखान्यातून घरी आलात की तेलाची वाटी, पावडरचा डबा आणि बाळाचा टब माळ्यावर टाका. आजी म्हणून सांगते, हेच सगळ्यात जड जातं. आपल्याकडे मूल सांभाळायचं म्हणजे चोळायचं, न्हाऊ घालायचं आणि पावडर लावायची. स्कोलिओसिसच्या, म्हणजे पाठीचा कणा एका बाजूला वाकण्याच्या आजाराच्या, प्लास्टरमध्ये हे तिन्ही बंद. आता मूल कोरडं ठेवायचं. बाकीची कामं त्याच्या मागोमाग येतात.

हे प्लास्टर कशासाठी आहे ते घरातल्या सगळ्यांना आधीच समजावून सांगा. नाहीतर पहिल्याच रात्री कुणीतरी म्हणतं, 'एवढ्याशा जिवाला कशाला त्रास? थोडं मोठं होऊ दे.' या वयात कणा भराभर वाढतो आणि त्याच वाढीला वळण लावून बाक काढायचा असतो. इंग्लंडमध्ये काम केलेल्या डॉ. मिन मेहता यांनी २००५ साली अशा १३६ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातल्या ९४ मुलांवर लवकर उपचार सुरू झाले होते. त्यांचं सरासरी वय होतं १ वर्ष ७ महिने आणि बाक ३२ अंश. त्यांचा कणा सरळ झाला. बाकीची ४२ मुलं उशिरा आली, सरासरी अडीच वर्षांची आणि ५२ अंशांचा बाक घेऊन. त्यांचा बाक कमी झाला, पण गेला नाही. 'मोठं होऊ दे' म्हणणाऱ्यांना मी हेच आकडे ऐकवते.

पहिले दोन-तीन दिवस मूल चिडचिडं असतं, पोटावर दाब येतो म्हणून जेवत नाही. चमचा घेऊन मागे लागू नका. दर दोन तासांनी थोडंथोडं द्या: पातळ वरण-भात, पेज, केळं. एका वेळी पोटभर खाल्लं तर उलटी होते. प्लास्टरला पोटापाशी खिडकी ठेवलेली असते ती याचसाठी, पोटाला फुगायला जागा मिळते. चुरमुरे, शेव, चिवडा, बिस्किटं मात्र नकोत. एक कण आत गेला की तो थेट पुढच्या प्लास्टरलाच बाहेर येतो आणि तोवर कातडीला टोचत राहतो. जेवताना गळ्यात मऊ पंचा खोचा आणि वरून आईचा जुना टी-शर्ट चढवा, म्हणजे वरच्या कडेचं तोंड झाकलं जातं.

कडा हा सगळ्यात नाजूक भाग. काखेत, मांडीच्या वर आणि खिडकीभोवती प्लास्टर घासतं. दवाखान्यात कडा नीट झाकून दिल्या नसतील तर मऊ कापडी चिकटपट्टीचे बोटभर लांबीचे तुकडे कापा. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं कात्रीनं गोल करा, कारण टोकदार कोपरे लगेच उलटतात. अर्धा तुकडा आत, अर्धा बाहेर असा दाबून बसवा आणि पुढचा तुकडा आधीच्यावर थोडा चढवत जा, घरावर कौलं घालतात तसं. मांडीकडच्या कडेला वॉटरप्रूफ पट्टी वापरा. रोज सकाळी टॉर्च घेऊन कडांच्या आत बघा. कातडी लाल असेल आणि बऱ्याच वेळानंतरही लाली गेली नाही, तर दवाखान्यात फोन करा.

डायपर दोन लागतात. आधी लहान मापाचा, तो प्लास्टरच्या कडेखाली नीट खोचायचा. त्यावरून मोठ्या मापाचा, प्लास्टरच्या बाहेरून. रात्री एकदा तरी उठून बदला. ओलं आत झिरपलं की वासही जात नाही आणि कातडीही सोलते.

अंग ओल्या फडक्यानं पुसायचं, पण फडकं घट्ट पिळून. केस धुवायचे तर ओट्यावर घडी घातलेली चादर पसरा, मुलाला उताणं निजवून डोकं सिंकवर घ्या. एकानं धरायचं, दुसऱ्यानं तांब्यानं पाणी घालायचं. खांद्याभोवती टॉवेल आणि त्यावर प्लास्टिक गुंडाळा, काम झालं की प्लास्टिक तिथल्या तिथे काढा.

खाज येणारच. पट्टी, चमचा, विणायची सुई काही आत घालायचं नाही. हेअर ड्रायरचा थंड झोत कडेतून सोडा किंवा वरून बोटांनी टकटक करा, पोरं तेवढ्यानंही शांत होतात. तेलाचा थेंबसुद्धा आत नको. कातडी मऊ पडते आणि लवकर सोलते.

उचलताना काखेत हात घालू नका. एक हात ढुंगणाखाली, दुसरा पाठीमागे. मुलाचं वजन वाढलेलं असतं आणि तोलही बदललेला असतो, म्हणून चालणारं मूलही सुरुवातीला पडतं. दोन-चार दिवसांत ते स्वतःच तोल शोधतं, सतत धरून ठेवू नका. खेळणी जमिनीऐवजी मुलाच्या छातीएवढ्या उंच स्टुलावर मांडा. कमरेत वाकता येत नाही, त्यामुळे खाली पडलेली वस्तू उचलताना मूल चिडतं.

मे महिन्यात दुपारी बाहेर नेऊ नका. घाम आत साचतो. सुती कपडे, पंखा आणि भरपूर पाणी. पावसाळ्यात दोन मापं मोठा रेनकोट घ्या. प्लास्टर भिजलं तर ते मऊ पडतं आणि आकार सोडतं.

उलट्या थांबत नसतील, धाप लागत असेल, ओठ किंवा बोटं निळसर दिसत असतील, पाय बधिर वाटत असतील, ताप असेल किंवा आतून कुजका वास येत असेल तर वाट बघू नका. तडक दवाखाना गाठा. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, शेजारच्या काकूंनाही देऊन ठेवा.

प्लास्टर साधारण दर दोन ते चार महिन्यांनी बदलतात, लहान मुलांचं लवकर. काही ठिकाणी जुनं आदल्या दिवशी काढून देतात, म्हणजे एक अंघोळ मिळते. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. कापायच्या यंत्राची पाती कातडी कापत नाही, ती नुसती थरथरते, पण आवाज मोठा असतो, म्हणून मुलाचे कान आपल्या हातांनी झाका. त्या दिवशी कोमट पाण्यात मनसोक्त खेळू द्या. कातडीचे पापुद्रे निघतील, ते घासून काढू नका. आणि कितीही वाटलं तरी त्या दिवशीसुद्धा तेल लावू नका, दुसऱ्या दिवशी नवं प्लास्टर चढायचं असतं.