गंगाबलच्या वाटेवर या चुका टाळा

काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेकमधली सगळ्यात महागात पडणारी चूक घरी तिकीट काढतानाच होते. सुट्टी वाचवायची म्हणून लोक सकाळी विमानाने श्रीनगर गाठतात, संध्याकाळी सोनमर्ग आणि दुसऱ्या दिवशी थेट चालायला लागतात. कळसूबाई 1,646 मीटर उंच, म्हणजे जवळपास श्रीनगरएवढीच. सह्याद्रीत कमावलेला दम पायांना उपयोगी पडतो. विरळ हवेची सवय त्याने होत नाही. सोनमर्ग सुमारे 2,700 मीटरवर आणि पहिलाच मुक्काम निचनईला, साडेतीन हजारांच्या आसपास.

पुढचं ठरलेलं असतं. रात्री डोकं ठणकतं, जेवण नको होतं. ‘पित्त झालंय’ म्हणत गडी गोळी घेतो आणि सकाळी गटाबरोबर निचनई खिंड चढतो. खिंडीपलीकडे विशनसर तलावाच्या मुक्कामाला उलट्या सुरू होतात, चालताना तोल जातो. आता परतायचं तर तीच निचनई खिंड पुन्हा चढावी लागते, म्हणून त्रास अंगावर काढून खिंड ओलांडूच नये. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जाणं बंद. त्रास वाढला किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर पहाटेची वाट न पाहता खाली उतरा. सोनमर्गला दोन रात्री काढा. मधल्या दिवशी तीनशे मीटर चढून झोपायला परत खाली या. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या, पण गोळीच्या भरवशावर मुक्काम गाळू नका.

पुढे सातसर तलावांच्या मुक्कामानंतर झाज खिंडीकडे जाताना मोठमोठ्या दगडांचा पट्टा लागतो. घाई झालेली मंडळी तिथे उड्या मारतात आणि घोटे मुरगळतात. काठ्या सॅकला बांधा, हात मोकळे ठेवा, दगड हलतो का ते आधी पायाने दाबून पाहा. पावसात हे दगड फार निसरडे होतात. सर ओसरेपर्यंत थांबा.

मूळ ओळखपत्र हवंच, वाटेत लष्कराची तपासणी असते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. कुरणांत मेंढ्यांचे कळप असतात, तेव्हा ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच प्या. रेनकव्हर असलं तरी सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला.

शेवटी गंगाबल तलाव ते नारानाग गाव एका दिवसात सुमारे 1,400 मीटरचा उतार आहे. नखं दोन दिवस आधी कापा, घोट्याजवळची नाडी घट्ट आवळा, काठ्या पाच-दहा सेंटिमीटरने लांब करा. कोरे बूट घेऊन आलेल्यांची नखं याच उतारावर काळी पडतात.