लिनक्सवर आवाज येत नाही? ड्रायव्हर शोधायला निघण्याआधी या चुका टाळा

नव्या लॅपटॉपवर उबंटू किंवा डेबियन टाकलं, वायफाय चाललं, स्क्रीन नीट दिसली, फक्त स्पीकर मुके. साउंडच्या सेटिंग्जमध्ये 'डमी आउटपुट' एवढंच नाव. विंडोजची सवय असलेला माणूस अशा वेळी थेट ब्राउझर उघडून 'रिअलटेक लिनक्स ड्रायव्हर' शोधतो. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

लिनक्समध्ये साउंड कार्डाचा ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबरोबरच येतो. अल्सा ही ध्वनिव्यवस्था कर्नल २.६ पासून कर्नलचाच भाग आहे आणि वेगळं 'अल्सा-ड्रायव्हर' पॅकेज निघणं २०१२ मध्येच थांबलं. कुठून तरी मिळालेली जुनी टारबॉल (सोर्स कोडची गठडी) आजच्या कर्नलवर बहुधा कंपाइलच होत नाही. झालीच, तर कर्नलच्या धडधाकट मॉड्यूलांच्या (ड्रायव्हरच्या फाइलींच्या) जागी जुनी मॉड्यूलं बसतात आणि पुढच्या कर्नल अपडेटला सगळं मुळापासून बिघडतं. सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सुरक्षा) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल लोडच होत नाही, म्हणजे तासभराची मेहनत तशीही वाया.

बिघाड बहुतेक वेळा तीनपैकी एका थरात असतो. तळाशी कर्नलचा ड्रायव्हर आणि त्याला लागणारं फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारा प्रोग्रॅम), मध्ये अल्साचा मिक्सर, वर पाइपवायर किंवा पल्सऑडिओ, म्हणजे अ‍ॅप्सचा आवाज कार्डापर्यंत पोचवणारी सेवा. कोणत्या थरावर आवाज अडलाय हे न बघता उपाय सुरू केले की एका बिघाडाचे तीन होतात.

आधी बघा, मग हात लावा

(खाली कमांडची नावं देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची, बहुतेक सगळी लहान अक्षरांत.)

'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा आणि 'ऑडिओ' लिहिलेली ओळ शोधा. तिच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं येतं आणि पुढे मॉड्यूलचं नाव, उदाहरणार्थ 'एसएनडी_एचडीए_इंटेल' किंवा 'सॉफ-ऑडिओ-पीसीआय' ने सुरू होणारं काही. नंतर 'कॅट /प्रॉक/असाउंड/कार्ड्स' आणि 'एप्ले -एल'. यातला एल लहान हवा; मोठा एल दिला तर भलतीच लांबलचक यादी येते. शेवटी 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस'.

आता वाचन सोपं आहे. यंत्र दिसतं पण ड्रायव्हरची ओळच नाही, तर कर्नल जुना आहे किंवा मॉड्यूल बसवलेलं नाही. ड्रायव्हर आहे पण कार्डांच्या यादीत काहीच नाही, तर संशय फर्मवेअरवर. कार्ड 'एप्ले'ला दिसतं आणि सेटिंग्जला दिसत नाही, तर दोष वरच्या थरात. सगळीकडे सगळं दिसतं आणि तरी शांतता, तर मिक्सर तपासा, नाहीतर आवाज भलत्याच आउटपुटवर चाललाय.

एक सापळा इथेच सांगायला हवा. ही तपासणी दुसऱ्या संगणकावरून एसएसएच करून (नेटवर्कवरून लॉगिन करून) केली तर 'एप्ले' खुशाल 'नो साउंडकार्ड्स फाउंड' म्हणतं. कार्ड व्यवस्थित असतं. पण साउंडच्या यंत्रांची परवानगी सिस्टिमडी (सेवा आणि लॉगिन सांभाळणारा प्रोग्रॅम) फक्त समोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला देतं. /प्रॉक/असाउंड/कार्ड्स ही फाइल मात्र कुणालाही वाचता येते, म्हणून तिच्यावर जास्त विश्वास ठेवा.

याच कारणामुळे 'स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये टाका' हा जुना सल्ला आज डेस्कटॉपवर बहुधा निरुपयोगी आहे. उलट घरातल्या एकाच संगणकावर दोन खाती असतील, तर पडद्यामागे लॉगिन राहिलेलं खातं कार्ड धरून बसू शकतं, आणि दूरवरून लॉगिन केलेल्यालाही मायक्रोफोन ऐकता येतो.

मायक्रोफोनमुळे स्पीकर बंद

शीर्षक विचित्र वाटेल, पण इंटेलच्या गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपवर नेमकं हेच होतं. या लॅपटॉपमधले डिजिटल मायक्रोफोन जुन्या पद्धतीने कोडेकला (आवाजाची डिजिटल-अ‍ॅनालॉग अदलाबदल करणाऱ्या चिपला) न जोडता थेट चिपसेटमधल्या डीएसपीला (ध्वनिप्रक्रियेच्या छोट्या प्रोसेसरला) जोडलेले असतात. बूट होताना 'एसएनडी_इंटेल_डीएसपीसीएफजी' हे मॉड्यूल असे मायक्रोफोन आहेत का ते पाहतं. असतील तर साधा एचडीए ड्रायव्हर बाजूला ठेवून सॉफ, म्हणजे साउंड ओपन फर्मवेअरचा ड्रायव्हर निवडतं. या ड्रायव्हरला डीएसपीत चढवण्यासाठी फर्मवेअरची फाइल लागते. ती डिस्कवर नसेल तर ड्रायव्हर अर्ध्यावर थांबतो आणि अख्खं कार्डच तयार होत नाही. मायक्रोफोन जातोच, त्याच्याबरोबर स्पीकर आणि हेडफोनही जातात.

खात्री करायला 'सुडो डीमेसेज | ग्रेप -आय सॉफ' चालवा (सुडो म्हणजे प्रशासकाच्या हक्कांनी; डीमेसेज कर्नलच्या नोंदी दाखवतं). फर्मवेअर लोड होत नसल्याची तक्रार आणि शेवटी -२ हा आकडा दिसला, तर फाइल सापडली नाही असा अर्थ. उपाय एका पॅकेजचा: डेबियनवर 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड', फेडोरावर 'अल्सा-सॉफ-फर्मवेअर', आर्चवर 'सॉफ-फर्मवेअर'. डेबियन ११ वरून १२ वर आलेल्यांनी सोर्सेस.लिस्ट उघडून पाहावी. १२ पासून फर्मवेअर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नव्या विभागात गेलं. जुन्या ओळीत फक्त 'नॉन-फ्री' असेल तर पॅकेज सापडत नाही किंवा जुनंच पडून राहतं.

फर्मवेअरसोबत 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ' हे पॅकेजही हवं (फेडोरावर नाव 'अल्सा-यूसीएम'). कोणता मार्ग स्पीकरचा, कोणता हेडफोनचा, कोणता मायक्रोफोनचा, हे पाइपवायरला त्यातल्या फाइलींवरून कळतं. ते नसेल तर 'एप्ले'ला कार्ड दिसतं आणि सेटिंग्जमध्ये तरी 'डमी आउटपुट' राहतं. दोन्ही बसवल्यावर रीस्टार्टवर न थांबता संगणक पूर्ण बंद करून चालू करा.

आता इंटरनेटवर सगळ्यात जास्त चिकटवला जाणारा उपाय, /इटीसी/मॉडप्रोब.डी मधल्या फाइलीत लिहायची ओळ: 'ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१'. याने साधा एचडीए ड्रायव्हर सक्तीने लागतो, स्पीकर वाजतात आणि माणूस खूश होतो. आतला मायक्रोफोन मात्र गेला, आणि हे कळतं पहिल्या व्हिडिओ मीटिंगला. शिवाय ज्या लॅपटॉपमध्ये कोडेक साउंडवायर या वेगळ्या जोडणीने जोडलेला आहे तिथे हा पर्याय मुळीच चालत नाही, कारण एचडीए ड्रायव्हरला दिसेल असा कोडेकच तिथे नसतो. तपासणीपुरता हा पर्याय ठीक. कायमचा म्हणून ठेवू नका.

लॅपटॉप यंदाचा, कर्नल परवाचा

डेबियन १२ चा मूळ कर्नल ६.१ आहे. त्यानंतर बाजारात आलेल्या लॅपटॉपवर आवाज न येणं हा दोष नाही, तो निव्वळ काळाचा हिशेब आहे. बॅकपोर्ट्समधून (जुन्या आवृत्तीसाठी नवी पॅकेजं देणाऱ्या विभागातून) नवा कर्नल घ्या, पण फर्मवेअरचं पॅकेजही त्याच तोडीचं घ्या. नवा कर्नल आणि जुनं फर्मवेअर ही जोडी अनेकदा जमत नाही.

हेडफोन व्यवस्थित वाजतो आणि स्पीकरच गप्प, असं असेल तर लॅपटॉपमध्ये स्पीकरसाठी वेगळी अँप्लिफायर चिप असण्याची दाट शक्यता आहे. सिरस कंपनीची सीएस३५एल४१ हे ठळक उदाहरण. तिचा ड्रायव्हर आणि तिचं फर्मवेअर वेगळं असतं, आणि एकेका मॉडेलची नोंद कर्नलमध्ये हळूहळू भरली जाते. इथे मिक्सर कितीही ढोसला तरी उपयोग नाही.

आर्चवाल्यांची चूक वेगळी. कर्नल अपडेट केला, रीस्टार्ट केलं नाही आणि मग यूएसबी साउंड कार्ड लावलं. चालू कर्नलच्या मॉड्यूलांचं फोल्डर अपडेटने काढून टाकलेलं असतं, त्यामुळे 'एसएनडी_यूएसबी_ऑडिओ' सापडतच नाही. रीस्टार्ट करा, संपलं.

मिक्सरमध्ये काय पाहायचं

'अल्सामिक्सर' उघडल्यावर बरेच जण एकच पट्टी पाहून बंद करतात. ती पट्टी पाइपवायरची किंवा पल्सऑडिओची असते, खऱ्या कार्डाची नव्हे. एफ६ दाबा आणि कार्ड निवडा. मग मास्टर, हेडफोन, स्पीकर अशा खऱ्या पट्ट्या दिसतील. पट्टीखाली 'एमएम' असेल तर ती म्यूट आहे. एम दाबला की तिथे '००' येतं. शून्य दिसतंय म्हणून आवाज बंद आहे असं समजू नका, '००' म्हणजे चालू. रेकॉर्डिंगच्या पट्ट्या एफ४ वर असतात आणि तिथे स्पेस दाबून कॅप्चर चालू करावा लागतो.

'ऑटो-म्यूट मोड' कडेही नजर टाका. हेडफोनचा जॅक खराब असेल किंवा त्यात कचरा अडकला असेल, तर संगणकाला कायम हेडफोन लावलेलाच वाटतो आणि स्पीकर म्यूट राहतात. हा मोड बंद केल्यावर आवाज आला तर दोष जॅकचा. सगळं जुळल्यावर 'सुडो अल्साक्टल स्टोअर' केलं की ही स्थिती जतन होते.

कार्ड दोन असतील, म्हणजे एक एचडीएमआयचं आणि एक अ‍ॅनालॉग, तर आवाज गुपचूप मॉनिटरकडे जात असू शकतो. सेटिंग्जमधून आउटपुट बदला किंवा 'पॅक्टल सेट-डिफॉल्ट-सिंक' ला सिंकचं (आउटपुटचं) पूर्ण नाव द्या. स्क्रिप्टमध्ये 'डब्ल्यूपीसीटीएल'चा क्रमांक लिहून ठेवू नका; तो पुढच्या बूटला बदलू शकतो.

चिकटवलेल्या ओळी

मॉड्यूलांचे पर्याय ठेवणारं /इटीसी/मॉडप्रोब.डी हे फोल्डर बघितलं की त्या संगणकाचा इतिहास कळतो. कुणीतरी कुठल्या तरी डेलसाठी दिलेली 'मॉडेल=' ची ओळ, तिच्याखाली 'इंडेक्स=', एखादं ब्लॅकलिस्ट. 'मॉडेल' कोडेकवर ठरतं. आधी 'कॅट /प्रॉक/असाउंड/कार्ड०/कोडेक#०' ची पहिली ओळ वाचा आणि त्याच कोडेकसाठी कर्नलच्या दस्तऐवजात कोणती नावं दिली आहेत ते पाहा. चुकीचं मॉडेल दिलं तर पिनांची मांडणी बदलते आणि चालणारा जॅकही बंद पडतो.

फाइलचं नाव '.कॉन्फ' ने संपलं नाही तर ती वाचलीच जात नाही. बदल केल्यावर डेबियन-उबंटूवर 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू', फेडोरावर 'सुडो ड्राकट -एफ' आणि मग रीस्टार्ट. एका वेळी एकच ओळ बदला. फरक पडला नाही तर ती काढा आणि मगच पुढची लिहा.

पाइपवायरला रूट बनून हात लावू नका

फेडोरा ३४ आणि उबंटू २२.१० पासून पल्सऑडिओची जागा पाइपवायरने घेतली आहे. 'पॅक्टल इन्फो' मध्ये सर्व्हरच्या नावापुढे 'पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर)' आणि आवृत्ती असं दिसलं तर ते बरोबर आहे. नावात पल्स आहे म्हणून ते काढायला जाऊ नका. या सेवा वापरकर्त्याच्या असतात. त्यामुळे 'सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स' ही कमांड सुडो न लावता द्यायची. सुडो लावून 'पल्सऑडिओ' चालवलं तर होम फोल्डरमधल्या काही फाइली रूटच्या (प्रशासकाच्या) मालकीच्या होऊ शकतात आणि पुढच्या लॉगिनला सेवा उठत नाही.

होममध्ये '.असाउंडआरसी' नावाची अल्साच्या सेटिंग्जची फाइल पडलेली असेल तर तिचं नाव बदलून पाहा. वायरप्लंबरने (पाइपवायरच्या व्यवस्थापकाने) जपून ठेवलेल्या निवडी '.लोकल/स्टेट/वायरप्लंबर' मध्ये असतात. ते फोल्डर बाजूला सरकवून सेवा रीस्टार्ट केली की निवडी कोऱ्या होतात.

गाणं सुरू होताना 'टक्' असा आवाज येतो, किंवा पहिला शब्द गिळला जातो? वायरप्लंबर ५ सेकंद शांतता दिसली की यंत्र झोपवतं, आणि एचडीए ड्रायव्हरचं 'पॉवर_सेव्ह' कोडेकची वीज कापतं. 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०' लिहून पाहा. टीएलपी (बॅटरी वाचवणारं साधन) बसवलेलं असेल तर ते ही किंमत परत बदलतं, म्हणून त्याच्या फाइलीतही 'साउंड_पॉवर_सेव्ह' च्या दोन्ही ओळी शून्य करा.

एवढं करूनही जमलं नाही आणि कुणाला विचारायचं असेल, तर 'अल्सा-इन्फो --नो-अपलोड' चालवा. कोडेक, मिक्सर, मॉड्यूल आणि त्यांचे पर्याय यांची एकच फाइल टेम्प फोल्डरमध्ये तयार होते. ती फाइल, कर्नलची आवृत्ती आणि डीमेसेजमधल्या आवाजाच्या ओळी हे तिन्ही एकत्र द्या. नुसतं 'आवाज येत नाही' लिहिलं तर समोरचा पहिलं उत्तर म्हणून हेच तिन्ही मागणार.