बंद उपकरणं किती वीज खातात, ते मीटरवरून शोधा

रिमोटने टीव्ही बंद केला, तरी पुढचा इशारा टिपायला आतलं सर्किट जागंच राहतं. या जागरणाची वीज आपल्याच बिलात येते. ती मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. घराबाहेरचा मीटर पुरतो.

आधी मीटरवर एका युनिटला किती पल्स, म्हणजे मीटरच्या लाल दिव्याच्या किती लुकलुकी, ते वाचा. बऱ्याच मीटरवर 3200 छापलेलं असतं. मग दिवे, पंखे बंद करा. फ्रिज आणि इन्व्हर्टरचं मेन बटण दहा मिनिटांपुरतं बंद करा. बाकी सगळं रात्री झोपताना असतं तसंच राहू द्या. आता मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोबाइलवर मोजा. 3200चा मीटर असेल तर 1125 ला त्या सेकंदांनी भागा. आलेला आकडा म्हणजे वॅट.

आमच्याकडे 45 सेकंद आले, म्हणजे 25 वॅट. मग एकेक प्लगचं बटण बंद करत पुन्हा मोजलं. सेट-टॉप बॉक्सचं बटण दाबलं आणि 45चे 90 सेकंद झाले! अर्धी वीज एकटा तो डबा खात होता. अनेक बॉक्स रिमोटने बंद केले तरी फक्त चित्र जातं, आतलं काम चालूच असतं. दिवसाला 20 तास असे 12.5 वॅट, म्हणजे महिन्याला साडेसात युनिट. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटच्या पुढे दर चढतो. बिल त्या काठावर असेल तर हे साडेसात युनिट जास्तच महाग पडतात.

मोबाइलचा रिकामा चार्जर फार थोडी वीज घेतो, त्याच्यामागे लागू नका. आधी सेट-टॉप बॉक्स, होम थिएटर, कॉम्प्युटर-प्रिंटर आणि एसीचा स्टॅबिलायझर बघा.

खरी अडचण आळसाची नाही, बटणाच्या जागेची आहे. टीव्हीमागे, शोकेसच्या आड असलेलं बटण रोज कोण दाबणार? म्हणून चांगल्या प्रतीचा, आयएसआय मार्कचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या, टीव्ही आणि बॉक्स त्यावर जोडा आणि बोर्ड हाताला येईल असा पुढे बसवा. एसी, गिझर मात्र त्यावर कधीही लावू नका, वायर तापते.

रात्री रेकॉर्डिंग लावलं असेल तर तेवढ्यापुरता बॉक्स चालू ठेवा. आणि मोजणी संपली की फ्रिज आठवणीने चालू करा.